चोपन्न टाके, चोपन्न नामं

कार्तिकातली पहाट. वेण्णेच्या खोऱ्यात धुकं काठोकाठ साचलेलं, दवभारल्या वाफ्यांवर रुपेरी मौन, आणि टेकडीवरच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात काकडआरती ऐन रंगात.

आणि पेटी अडखळली. एकवीस कार्तिक ती वाजवणाऱ्या मंजुळावन्संची बोटं गारठ्यानं काष्ठवत झाली. भजन मधेच तुटलं.

"वहिनी, पौर्णिमेलाही असंच झालं ना," उतरताना त्या भावजयीला, अनसूयेला, म्हणाल्या, "तर पेटीला कायमची गवसणी. देवापुढे बेसूर नको गं."

 अनसूयेच्या मनात एक कल्पना वीज होऊन नाचली. बिनबोटांचे हातमोजे! तळवा उबेत, मनगट उबेत, बोटं सुरांसाठी मोकळी. आणि हाताच्या पाठीवर पिळाची वीण, वेलीवर वेल चढावी तशी.

अनसूयेचा नेम साधा होता. प्रत्येक टाक्याला नारायणाचं एक नाम. चोपन्न टाक्यांचा फेरा, दोन फेऱ्यांची एक माळ. आधी जाडजूड लोकर घेतली, मेघगर्भ, मऊमऊ. सुया धावल्या, नाम धावलं. तीन टाके पुढे, तीन मागे, पीळ वळला, पीळ फुलला. मोजा तयार झाला, आणि त्यात वन्संचे दोन्ही हात एकदम मावले!

"अगं, हा मला की कीर्तनकारबुवांच्या डोक्याला?" वन्सं पोट धरधरून हसल्या. "टाके कमी कर की!"

"नामं कशी कमी करू, वन्सं?"

मग मध्यम लोकर. पुन्हा चोपन्न, पुन्हा नारायण. तोही सैल, मनगटावरून घसरून कोपरापाशी जाऊन बसला. पौर्णिमा तीन दिवसांवर, आणि हात अजून उघडाच.

अनसूया देवापुढे बसली. समईची तंतूसारखी बारीक वात पाहिली, आणि उमगलं. नाम तेवढंच, धागाच बारीक करायचा! सर्वांत सडसडीत लोकर, दाभणाएवढ्या बारीक सुया. हाताला उसंत नाही, ओठाला उसंत नाही. नारायण, पीळ, नारायण, पीळ. डावा झाला. उजव्याचा शेवटचा टाका बंद झाला तो पौर्णिमेच्या पहाटे, देवळाच्या पायरीवर.

"घाला, वन्सं. लवकर!"

मोजा हातावर असा बसला, जशी फुलावर पाकळी.

भाता हलला. पहिला सूर निघाला, कोवळा, अखंड. दुसरा त्याच्या खांद्यावर, तिसरा आभाळात. बोटं धावत होती, वळत होती, झुलत होती. टाळांनी त्यांना गाठायला धाव घेतली. अनसूया नाम विसरून नुसती पाहत राहिली. शेंदरी लोकरीतून वर आलेली पाच उघडी बोटं. जणू कुणी पंचारती पेटवून धरली आहे, आणि तिच्या पाचही ज्योती गात आहेत, गात आहेत.