सातव्या पायरीचा टवका

मित्रांनो, मी एक जुना धक्का आहे, होड्या लागतात तसला. खरं म्हणजे त्या धक्क्याची प्लास्टरची प्रतिकृती आहे, जेवणाच्या टेबलाएवढी. वय विचाराल तर अवघं चार वर्षं. पण या चार वर्षांत चांगल्या माणसांनी मला इतका वैताग दिला आहे, की स्वतःला जुना म्हणवून घ्यायचा मला पुरता हक्क आहे.

माझा थोरला, म्हणजे खरा धक्का, पेणच्या खाडीकाठी आहे. पूर्वी तिथे मिठाच्या होड्या भरायच्या. पुढे कुणाच्या तरी डोक्यात सुशोभीकरण शिरलं आणि काळ्या दगडी पायऱ्यांवर सिमेंट ओतून टाइल्स बसल्या. गावातली नमिता तिथे महिन्यातून एकदा सावकाश फेरी काढते. ज्यांना दिसत नाही, जे चाकाच्या खुर्चीवर येतात, ज्यांना गोंगाट सोसत नाही, अशांसाठी ती फेरी. पाच-सहाच माणसं, मध्ये बसायला बाकडी, भोंगा नाही, घाई नाही. ज्यांना दिसत नाही त्यांनी जुना धक्का बोटांनी पाहावा, म्हणून तिने मला घडवायला दिलं.

माहिती पुरवली केरूमामांनी. हे जवळच्या कासू गावचे. तरुणपणी याच धक्क्यावर मिठाच्या टोपल्या वाहायचे. आता डोळे गेले, पण धक्का पायांत पक्का आहे. पायऱ्या अकरा, आणि सातवीचा उजवा कोपरा तुटलेला. तो टवका विसरू नका, असं त्यांनी नमिताला तीनदा बजावलं. त्यांची बायको ठमाबाई दुपारी त्या पायरीवर बसायची. तांब्या कलंडू नये म्हणून टवक्यात बसवून ठेवायची आणि खेप टाकून येणाऱ्या नवऱ्याला पाणी द्यायची. ठमाबाई जाऊन नऊ वर्षं झाली.

माझा जन्म हमरापूरचा, जितेशच्या गणपती कारखान्यात. पोराने मन लावून काम केलं. भिंत खरखरीत, पाणी नितळ, काठावरच्या मिठाच्या वखारीची कौलं कौलांसारखी, आणि सातव्या पायरीला टवका. मग आली त्याची आई, बायजाबाई. मूर्तीचे डोळे आखण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. तिने टवका पाहिला आणि भेगा भरायची लांबी घेऊन तो बुजवून टाकला. खंडित वस्तू दारातून बाहेर कशी जाऊ द्यायची? वर सोनेरी काठ काढले आणि चकचकीत वॉर्निशचे दोन हात दिले. भिंत, पाणी, कौलं, सगळं एकसारखं गुळगुळीत! करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो मीच.

नमिताने कपाळावर हात मारून घेतला. बायजाबाई शांतपणे म्हणाली, "असा उघडा कसा धाडाचा गो?" मग दोन दिवस काचकागदाने मला खरवडलं. बुजलेला टवका मात्र कुणाच्या लक्षातच आला नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड कुठे दिलंय?

धक्क्यालगतच्या छोट्या दालनात माझी स्थापना झाली. हो, स्थापनाच. नारळ फुटला, हार पडला, हळदकुंकू वाहिलं. शांत फेरीचं स्वागत उत्साही मंडळींनी दणदणाटी बेंजो पथक लावून केलं! दहा वर्षांची दिशा, जिला मोठा आवाज सोसत नाही, ती कान दाबून माझ्या टेबलाखाली जाऊन बसली आणि मला न पाहताच घरी गेली. चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उतारावर शोभेच्या कुंड्या होत्या. आता यांना काय म्हणावं?

पण खरा कळस केला प्रणितने. हा दालन सांभाळणारा. पोरगा गुणी, कामाला वाघ. इतकी सुंदर वस्तू, कुणी ओरखडा काढला तर? म्हणून त्याने दालनाच्या समितीच्या अध्यक्षांना सांगून माझ्यावर काचेची पेटी बसवून घेतली, कुलूप लावलं आणि पाटी टांगली: हात लावू नये. स्पर्शासाठी जन्मलेला मी साडेतीन वर्षं काचेत! तो रोज काच पुसायचा. लोक फोटो काढायचे, छान छान म्हणायचे. ज्यांना दिसत नाही त्यांना नमिता माझं वर्णन करून सांगायची. अर्ज केले, भांडली, पण किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष नेहमी बाहेरगावी.

परवा केरूमामा फेरीला आले. मुलगा त्यांना कायमचं सुरतेला नेणार होता, म्हणून ही शेवटची खेप. ते माझ्यासमोर आले, हात पुढे केला आणि बोटं काचेवर आपटली. नमिताने किल्ली मागितली. अध्यक्ष रोह्याला लग्नाला गेलेले. प्रणितने खालमानेने पाटीकडे बोट दाखवलं.

केरूमामा जराही रागावले नाहीत. म्हणाले, "पोरा, मी आंधला. तुजी पाटी मना कशी दिसल?"

प्रणितने पाटी उतरवून बाजूला ठेवली. मग त्याने पान्यांची पेटी आणली आणि बिजागऱ्यांचे स्क्रूच काढले.

मामांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले. त्यांची बोटं माझ्या भिंतीवरून उतरली. काय सांगू मित्रांनो, साडेतीन वर्षांची माझी चिडचिड तेवढ्यात निवली. एक, दोन, तीन, असं मोजत ते सातवीवर आले आणि थांबले. उजवा कोपरा चाचपला. पुन्हा चाचपला. "ही ती नाय," म्हणाले आणि हात मागे घेतला.

नमिताचा चेहरा उतरला. प्रणितने मात्र मामांचा अंगठा धरून पुन्हा पायरीवर ठेवला आणि कुठे, केवढा, ते नीट विचारून घेतलं. ज्याने माझ्यावर माशी बसू दिली नव्हती, त्यानेच स्क्रूड्रायव्हर लावून ठोका दिला. बायजाबाईची लांबी गळून पडली. मामांनी अंगठा त्या टवक्यात बसवला आणि गाडीची वेळ होईपर्यंत काढला नाही.

तर मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला जपा, डाग पाडू नका. त्यांचं खुशाल ऐका. मला मात्र हात लावा. झिजलो तर झिजू द्या, जितेश दुसरा घडवेल. फक्त सातव्या पायरीचा कोपरा कुणी भरून काढू नका. तिथे ठमाबाईचा तांब्या असतो.