आईच्या शेजारची जागा

लग्नघरात सगुणाबाईंच्या शेजारची जागा प्राप्तीची, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. रितेशला ते सर्वांच्या आधी कळले होते, आणि सर्वांपेक्षा जास्त बोचले होते.

सगुणाबाई म्हणजे त्याची आई, धवलारीण. उरणकडच्या आगरी लग्नात हळद दळण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला जे धवले गायले जातात, ते आजूबाजूच्या गावांत तिच्याइतके कोणालाच येत नसत. कुठेही लिहिलेली नसलेली ती लांबलचक गाणी तिच्या कंठातच वस्तीला होती. आई ओळ टाकी आणि रितेशची थोरली बहीण प्राप्ती ती उचलून धरी. गाणे संपले की आई प्राप्तीचा चेहरा दोन्ही हातांत घेई आणि जमलेल्या बायकांना म्हणे, "माजाच गला हाय हिच्यात."

रितेश मांडवाच्या खांबाला टेकून हे पाहत आला होता. लहानपणी एकदा तोही आईच्या मागून गुणगुणला होता. "या पोराचा गला नाय, पत्रा हाय पत्रा!" असे आई म्हणाली होती, बायका हसल्या, आणि आई इतके गोड हसली की त्यालाही हसावे लागले. आता तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या गाड्या लावून देण्याचे काम करी, दिवसभर चालकांवर ओरडे आणि घरी आला की मुका होई. ताईचा चेहरा धरणारे ते दोन हात एकदा आपल्याकडे वळावेत, एवढेच त्याला हवे होते. वयाच्या सव्विसाव्या वर्षी असे काही हवे असणे त्याला लाजिरवाणे वाटे, म्हणून तो ते कोणाला सांगत नसे.

गावातल्या अमिषाच्या लग्नाची हळद दळायला दुपारी बायका जमल्या. रात्री डीजे लागणारच होता. पण जात्याभोवतीची ही वेळ धवलारणीची. आईने देवांना आवतण द्यायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबली. ओळ आली नाही. जाते फिरत राहिले. प्राप्तीने क्षणभर वाट पाहिली आणि पुढची ओळ स्वतःच उचलली, अगदी हलक्या आवाजात, जणू आईनेच ती तिच्या हाती दिली असावी.

"सगुणे, पोर तुज्या फुडं गेली गो!" नवरीची आजी वेणूबाई कौतुकाने म्हणाली.

सगळ्या हसल्या. आईही हसली. मग पदर सावरून उठली. "डोकं दुखतंय माजं," म्हणाली आणि चालू लागली. सुरू झालेला धवला अर्धा सोडणे नवरीला बरे नाही, असे तिनेच उभ्या गावाला शिकवले होते. प्राप्तीने तो एकटीने पुरा केला. शेवटी तिने दाराकडे पाहिले, तेव्हा तिथे कोणी नव्हते.

खांबाजवळ उभ्या असलेल्या रितेशच्या मनात त्या वेळी काहीतरी गोड, ओशाळवाणे हलले. आज ताईलाही कळू दे, असे त्याला वाटले.

घरी आईने त्याला स्वतःच्या हाताने वाढले. तव्यावरची गरम बोंबलाची तुकडी थेट त्याच्या ताटात आली. ती त्याच्यासमोर बसली आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे पूर्ण नजरेने पाहू लागली.

"तू भोला हायस रं. तुज्यासारखं मन नाय तिला."

त्याने तुकडीतला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"मी काय इसरले नव्हते. दम घेत होते. तिनं माज्या तोंडातनं काडून घेतलं, चार बायकांत. मी जल्मभर घडवली ती यासाठी?" तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. "वेणूबायकडं जा. सांग, प्राप्तीला धवलं पुरं येत नाय. उद्या ती गायली, तर लग्नाला उणं लागंल. तू घरातला, तुजं मानतील."

केसांतला तो हात तसाच राहावा म्हणून रितेश कितीतरी वेळ मान न हलवता बसून राहिला. मग निघाला.

मिठागराच्या बांधावर प्राप्ती स्कूटर लावून बसली होती. तिने डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

"कळलं आज?" तो म्हणाला. "खांबाला टेकून बघत राहायचं म्हणजे काय असतं?"

"मला तुझा हेवा वाटायचा, रितेश."

"माझा? काय ठेवलंय माझ्यात?"

"तुझ्यावर काही अवलंबून नव्हतं तिचं. दहावीला पेढे वाटले, आठवतं? माझे मार्क नाही सांगितले तिने कोणाला. पहाटे उठून मला डबा करायची, तेवढंच सांगत फिरली. तापात एका लग्नाला गेले नाही, तर पाडव्यापर्यंत अबोला. तुझ्याशी कधी धरला अबोला?"

"बोलायचीच कुठे, की अबोला धरेल!"

दोघेही हसले, आणि दोघांनाही ते हसू नकोसे झाले.

प्राप्ती गेल्या वर्षापासून झोप येत नाही म्हणून पनवेलला एका समुपदेशक बाईंकडे जात होती. घरात हे फक्त रितेशला माहीत होते.

"त्या म्हणाल्या, कौतुकाची हाव सगळ्यांनाच असते थोडी. मला आहे, तुलाही आहे. पण एखाद्याला कौतुकाशिवाय उभंच राहता येत नाही, समोरच्याला दुखतंय हे दिसतच नाही, घरीदारी वर्षानुवर्षं तेच, मग त्याला विकार म्हणतात. नार्सिसिस्टिक असं काहीसं नाव आहे."

"म्हणजे आईला तो आहे?"

"तेच विचारलं मी. तर मलाच ओरडल्या. न भेटता मी नाव देणार नाही, म्हणाल्या, आणि तूही भांडणात ते नाव फेकू नकोस. असं माणूस आतून फार घाबरलेलं असू शकतं, म्हणाल्या."

"आई? घाबरलेली?" रितेशला हसू आले. मग जात्यापाशी थांबलेला आईचा चेहरा त्याला आठवला, आणि हसू विरले.

आपण कुठे निघालो आहोत, हे त्याने ताईला सांगितले नाही.

वेणूबाई ओट्यावर पानाला चुना लावीत होती. "ये रं. तुजी आयस बरी हाय का? नाय आली तर प्राप्तीला जमंल ना सगलं उद्याचं? पोरीच्या लग्नात मना उणं नको."

प्रश्न आयताच समोर आला होता. त्याने फक्त नाही म्हणून मान हलवायची होती. तेवढ्यावर केसांतला हात उद्याही मिळाला असता, कदाचित परवाही. त्याने ती मान हलवल्याचे मनात पाहिले. ताई खांबाजवळ उभी आहे आणि आपण आईच्या शेजारी बसलो आहोत, हेही पाहिले. ते दृश्य त्याला फार आवडले. आपल्याला ते इतके आवडावे, याचीच त्याला भीती वाटली.

"येतं," तो म्हणाला. "सगलं येतं ताईला."

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच होती. "सांगितलंस?"

तो उत्तर देणार तोच तिचा फोन वाजला. पडद्यावर वेणूबाईचे नाव पाहून आईने तो दोनदा पदराला पुसला, मगच उचलला. ते त्याने पाहिले, आणि बांधावरचे ताईचे शब्द त्याला पहिल्यांदा खरे वाटले.

आई ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचा चेहरा दगडासारखा झाला, आणि मग हळूहळू उजळू लागला.

"व्हय गो, मीच धाडला त्याला," ती फोनवर म्हणाली. "म्हटलं, सांगून ये, पोरीची कालजी करू नका. शिकवलीय कोनी तिला? आता तिला फुडं करायची, असं मीच ठरवलंय."

फोन ठेवून ती कपाटातून उद्याची साडी काढू लागली. रितेश तिच्यासमोर उभा होता. आई, मी तुझे ऐकले नाही, असे त्याला म्हणायचे होते. तिने रागवावे, अबोला धरावा, काहीही करावे. पण त्याची अवज्ञा तिने केव्हाच आपल्या पदराला बांधून टाकली होती. त्यात त्याचे काही उरले नव्हते.

"ताईला फोन लाव," साडीची घडी मोडत ती म्हणाली. "माज्या बोटाला त्यो लागत नाय."

त्याने फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"बाय माजी," आई म्हणाली, आणि तिचा आवाज मधासारखा पातळ झाला. "जेवलीस का गो? उद्या माज्या बाजूलाच बसायचं हां."

पलीकडे ताई काय म्हणाली, ते त्याला ऐकू आले नाही. हा मध कशासाठी आहे आणि किती दिवस पुरेल, हे आता त्याला नीट कळत होते. तरीही फोन धरलेला त्याचा हात भरून आला, आणि त्या आवाजाच्या पलीकडच्या टोकाला आपण असायला हवे होतो, असेच त्याला वाटत राहिले.