अंगठा, बदाम आणि हसरा चेहरा

मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुतारानं. प्रत्येक फळी तो बोटानं टकटक वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. "वरून सगळ्याच छान दिसतात. वाजवल्याशिवाय आतलं कळत नाही," म्हणायचा. जाताना त्यानं बाबांना बजावलं, "वर्षातून एकदा पायांचे स्क्रू आवळा." बाबांनी मान डोलावली. आवळले कधीच नाहीत.

तेव्हा माझ्याभोवती आई, बाबा, दादा आणि धाकटी अशी चौघं बसत. धाकटीचं तोंड घासाला कमी आणि गप्पांना जास्त, म्हणून तिचं नाव पडलं बडबडी. आता ती चौदा वर्षांची आहे आणि खोलीचं दार लावून दिवसभर मोबाइल बघते. जेवायला तिला कुणी हाकसुद्धा मारत नाही. घरच्या ग्रुपवर 'ताट वाढलंय' असा मेसेज जातो. ती येते, ताट उचलते, दार पुन्हा बंद. मग हीच तिघं म्हणणार, "पोरगी मोबाइलच्या पार आहारी गेली." आणि तेव्हा स्वतःचे तीन मोबाइल ताटांशेजारी मांडलेले.

काल संध्याकाळी तिचा मेसेज आला. फोन माझ्याच अंगावर होते, म्हणून मीही तो वाचला. 'वर्गात माझ्याशी कुणीच बोलत नाही. आता कुठेच जावंसं वाटत नाही.' बाबांनी अंगठ्याचं चित्र दाबलं. आईनं बदाम पाठवला. दादानं न वाचताच हसरा चेहरा. एकानंही मान वर केली नाही. तिचं दार आठ पावलांवर होतं.

संतापानं माझा पाय थरथरला. स्क्रू ढिला होताच. दादाचा गुडघा लागला, पाय मुडपला आणि पाण्याचा जग कलंडला. तिघांनी आधी आपापले फोन वाचवले.

फोन पुसता पुसता आईनं तो मेसेज पुन्हा वाचला, म्हणजे खरं तर पहिल्यांदाच वाचला.

"अहो, काय लिहिलंय हिनं बघितलंत का? आणि तुम्ही अंगठा दिलात?"

"तू नाही का बदाम पाठवलास," बाबा पुटपुटले. दादानं खाली बघितलं.

आई उठली. दारावर टकटक केलं. तिनं दाराला कान लावला.

"बडबडे, लिहू नकोस. तोंडानं सांग. मी बसलेय इथे."

आई दाराशीच बसून राहिली. मग कडी निघाली.

आज बाबा माझे स्क्रू आवळतायत. माझा राग मात्र उतरलेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरातलं, शेजारचं, मैत्रिणीचं एखादं दार असं बंद असेल, तर अंगठे पाठवू नका. जा आणि वाजवा. नाही उघडलं, तर तिथंच थांबा आणि पुन्हा वाजवा.