समुद्रावर ज्वार

मोहगावच्या केशवरावांचा मुंबई राज्यावर राग होता. छप्पन साली राज्यांच्या नव्या सीमा ठरल्या, तेव्हा सौंसर तालुका मध्य प्रदेशातच राहिला आणि नागपूर तिकडे गेलं. जावई प्रभाकर नागपूरला जंगल खात्यात होता. नागपूरबरोबर तोही गेला, आणि वर्षभरात त्याची बदली थेट समुद्रकाठी झाली. "संत्र्याचा बाजार नेला, जावई नेला, संगं पोरगीबी नेली," असं केशवराव चारचौघांत सांगत.

म्हणून लेक अलकानं, इकडे या, डोंगर आणि समुद्र एकाच जागी दाखवते, असं कळवलं तेव्हा ते नाहीच म्हणाले. देवकाबाईंनी नवऱ्याशी वाद घातला नाही. फक्त ट्रंक काढून अंगणात उन्हाला ठेवली. संत्र्याचा आंबिया बहार उतरवून झाला होता, शेतात अडलेलं काही नव्हतं. येता-जाता त्या ट्रंकेला ठेचकाळून केशवराव कंटाळले.

"बरं, चाल. पण मी समुद्र पाहाले नाही, पोरीले पाहाले चाललो. ध्यानात ठेव."

प्रभाकर जे जंगल सांभाळत होता त्याला सरकार राष्ट्रीय उद्यान म्हणे. उद्यान म्हटल्यावर केशवरावांच्या डोळ्यांपुढे नागपूरचा महाराजबाग आला. गुलाबाचे वाफे, बसायला बाकं, कडेनं फरशी. ते काठाचं धोतर, काळा कोट आणि करकर वाजणारे नवे जोडे घालून उतरले. समोर उभा डोंगर, छातीइतकं गवत आणि झाडांवर माकडं.

"उद्यान कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"हेच की, बाबा," अलका म्हणाली.

"माळी मेला का याचा?"

दुसऱ्या दिवशी सगळे डोंगर उतरून समुद्राकडे निघाले. वाट दाखवायला प्रभाकरचा म्हातारा गार्ड होता. फाळणीआधी त्यानं कराचीच्या बंदरावर हमाली केली होती आणि तिथल्या हिंदीचा त्याला फार अभिमान. साहेबांचे सासरे मध्य प्रदेशचे, हे कळल्यापासून तो त्यांच्याशी हिंदीखेरीज बोलेचना.

"संभालके सेठ, पत्थर है."

"दिसते मले," केशवराव म्हणाले.

"अरे वा! आप मराठी अच्छा बोलते."

केशवरावांचे कान तापले. "माह्या आज्यापंज्यापासून बोलून राह्यलो, भाऊ!"

"हां हां, बहुत अच्छा," गार्डनं पाठ थोपटल्यासारखी मान हलवली.

समुद्राला त्या वेळी ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं, मधल्या ओल्या वाळूत एक सपाट मोठा खडक. उन्हाळ्यात गावाकडची कन्हान नदी अशीच आटते, असं मनाशी म्हणत केशवराव संत्र्यांची पिशवी घेऊन त्या खडकावर जाऊन बसले. अलका आणि प्रभाकर किनाऱ्यावरच्या झाडीत चूल मांडत होते. देवकाबाई काठाकाठानं शिंपले वेचत होत्या.

गार्ड खडकापाशी आला. "सेठ, इधर मत बैठो. थोडी देर में ज्वार आयेगा."

केशवरावांनी किनारा न्याहाळला. बैलगाडी दिसेना. इथं वाळूत ज्वारी कोण आणून टाकणार, आणि आणली तर आपण काय म्हणून उठायचं?

"येऊ द्या," ते म्हणाले. "आमच्याकडे लय होते."

"आपके इधर भी ज्वार?"

"मंग! दर साली. माणसाच्या डोक्यावरून जाते."

गार्डला नवल वाटलं. मध्य प्रदेशात समुद्र आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पण एवढ्या जाणत्या माणसाला आपण काय शिकवणार, म्हणून तो चुलीसाठी लाकडं आणायला गेला. केशवरावांनी जोडे काढले, टोपी तोंडावर घेतली आणि ऊन अंगावर घेत झोपी गेले.

जाग आली ती पाय भिजले म्हणून. एक जोडा तरंगत निघाला होता. चारी बाजूंनी पाणी, आणि किनारा कुणीतरी मागे सरकवल्यासारखा दिसत होता.

"अल्के! पूर आला वं, पूर!"

सगळे धावत काठावर आले. गार्डनं कपाळावर हात मारला. "अहो, भरती आली! सांगितलं होतं ना मी!" घाबरल्यामुळे तो पहिल्यांदाच मराठीत बोलला आणि होडी आणायला कोळीवाड्याकडे पळाला.

"बाबा, तिथंच बसा! होडी येते!" प्रभाकर ओरडला. पण लाटांच्या आवाजात केशवरावांना 'येते' एवढंच ऐकू गेलं. अजून पाणी येते असं समजून ते धोतर वर खोचून पाण्यात पाय टाकायला निघाले. त्यांना पोहता येत नव्हतं.

देवकाबाईंनी ओच्यातले शिंपले खाली टाकले. लुगड्याचा काचा आवळला आणि त्या पाण्यात शिरल्या. अलका "माय, माय" करत राहिली. कमरेइतकं पाणी झालं तशा त्या आडव्या झाल्या आणि हात मारत थेट खडकापाशी गेल्या.

"उतरू नका!" वर चढत त्या म्हणाल्या. "होडी येऊन राह्यली. बसा खाली."

केशवराव खाली बसले. त्यांच्या लग्नाला पस्तीसेक वर्षं झाली होती. भिजलेल्या, धापा टाकणाऱ्या बायकोकडे ते पाहतच राहिले.

"तुले पोहता येते?"

"रामाकोन्याची हाय मी. कन्हानीत वाढली."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"पाहाले आले तवा तुमच्या मामानं स्वयंपाक इचारला, दळण इचारलं, चालून दाखव म्हटलं. पोहून दाखव कोणी म्हटलं नाही."

केशवरावांना आधी खोकला आला, मग हसू. हसता हसता त्यांनी एक संत्रं सोलून तिच्या हातात दिलं. होडी येईपर्यंत दोघं अर्धी पिशवी संपवत बसले. किनाऱ्यावर अलका रडत होती. आईबाप मजेत फोडी खाताना दिसले तेव्हा तिला रागच आला.

हिंदीत ज्वार म्हणजे भरती, हा ज्वारीचा घोटाळा जेवताना उलगडला. गार्डनं कानाला हात लावून माफी मागितली.

"भाऊ, माफी राहू द्या," केशवराव म्हणाले. "फक्त माह्याशी मराठीत बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी केशवराव धोतर गुडघ्यावर घेऊन, देवकाबाईंचा हात घट्ट धरून पाण्यात उभे होते. अलका आणि प्रभाकर डोंगराकडे तोंड करून बसले. म्हाताऱ्या माणसाला लाज वाटू नये म्हणून.

"अंग ढिलं सोडा," देवकाबाई सांगत होत्या. "म्या धरलं हाय."

"सोडशीन तर नाही?"

"नाही सोडत."

केशवराव आडवे झाले, त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, ते उठून खोकत उभे राहिले, आणि पुन्हा आडवे झाले.