दोन्या ब्रिखिदाच्या पाठीतून आत गेलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. पण बिचारी नाही, तेव्हा उगाच हळहळू नका. चंद्र-तारे बघणाऱ्या त्या दिमाखदार बायका वेगळ्या. मी वीतभर लांब आणि करंगळीएवढी जाड. माणसाच्या पाठीला छोटंसं भोक पाडून मूत्रपिंडात शिरायचं आणि आतला खडा डॉक्टरांना दाखवायचा, हे माझं काम. पाराग्वेत, व्हियारिकाच्या इस्पितळात मी ते एकोणीस वर्षं केलं. आधी पाहुणे आले की मला कौतुकाने दाखवत. मग कुणीतरी मला तशीच ओली टाकली, काचेवर डाग पडला आणि माझं नाव पडलं 'आंधळी'.

नव्या डॉक्टर बेनेगासांनी तर मला भंगाराच्या खोक्यातच टाकलं. "हिच्यापेक्षा कूस चिरलेली बरी. डोळ्यांना दिसतं तरी!" म्हणाले. आंधळी म्हणे! नर्स निल्दाने मला उचललं, रोज कोमट पाण्याने धुतलं, मऊ फडक्याने टिपलं. डाग गेला.

तेवढ्यात बाजारात झाडपाला विकणारी दोन्या ब्रिखिदा आली. तिचं डावं मूत्रपिंड मागेच कूस चिरून काढलेलं. तेव्हा तीन महिने उभं राहवेना, ठेल्याची जागा गेली, ती कशीबशी परत मिळवलेली. आता उरलेल्या उजव्यात सुपारीएवढा खडा.

"पुन्हा चिरणार असाल, तर मी खड्यासकट घरी चालले," ती म्हणाली.

निल्दाने मला बेनेगासांपुढे धरलं आणि ते नाइलाजाने तयार झाले. ऑपरेशनच्या सकाळी निल्दाने विचारलं, "मावशी, उपाशी आहात ना?"

"कडकडीत! पाण्याचा थेंब नाही."

"आणि तेरेरे?"

"तो घेतला की."

"अहो, गार पाण्यात पाला घालूनच पिता ना तो?"

"म्हणून काय पाणी झालं? तेरेरे म्हणजे तेरेरे!"

आमच्याकडे सगळे असंच मानतात. बेनेगास मात्र भडकले. "उद्या करू. आणि उद्या या आंधळीने दगा दिला, तर सरळ चिरणार!"

दुसऱ्या दिवशी मी आत शिरले आणि डॉक्टरांसमोरचा पडदा लालभडक झाला. काही दिसेना. खोटं कशाला बोलू?

"सुरी द्या," बेनेगास म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, दोनच मिनिटं. पाणी सोडते," निल्दा हटेना.

पाणी खळाळलं, रक्त निवळलं आणि समोर तो पिवळा खडा, सोदा कुठला! फोडला, कण न् कण बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी ब्रिखिदा पाठीला एवढीशी पट्टी लावून चालत घरी गेली.

महिन्याने तिचा एक्स-रे फोटो काढला. बेनेगासांनी तो उजेडासमोर तीनदा धरला. खडा नाही, कण नाही, मूत्रपिंड ठणठणीत.

"काय शोधताय, डॉक्टर? बाजारातून एखादा आणून देऊ का?" ब्रिखिदा म्हणाली.

त्या दिवशी बेनेगासांनी मला स्वतःच्या हाताने धुतलं.

मित्रांनो, एखाद्या वस्तूला निकामी म्हणण्याआधी तिची काच तरी पुसून बघा. आणि मला भंगारात घालायचंच असेल, तर आधी ब्रिखिदाला विचारून या. बाजारात आपल्या ठेल्यावर असते ती. दिवसभर उभी असते.