छप्पर चिकटवलेला गल्ला

मी एक जुना गल्ला आहे. लाकडी, घराच्या आकाराचा. मला दार आहे, दोन खिडक्या आहेत आणि झाकण म्हणून उतरते छप्पर आहे. मित्रांनो, माझ्यात कधी कोणी राहिले नाही. तरी माझ्या नावावर पुष्कळ जणांनी स्वतःची घरे बांधली, आणि वर माझ्याशेजारी उभे राहून फोटोही काढून घेतले.

माझा जन्म एका शिवणकामाच्या दुकानात झाला. दुकान काकींचे. त्यांचे यजमान सुतार, म्हणून ते सुतारकाका. समोरच्या बिऱ्हाडाला घरमालकाने भर दुपारी रस्त्यावर काढले, तेव्हा त्यांच्या खाटेची फळी मोडली. त्याच फळीतून काकांनी मला घडवले. काकींनी मला शिवणयंत्राशेजारी ठेवले आणि गल्लीतले भाडेकरू एकमेकांची घरे वाचवायला माझ्यात वर्गणी टाकू लागले. आज ज्याला मोठमोठे लोक ‘राष्ट्रीय निवारा हक्क संघ’ म्हणतात, तो असा कापडाच्या चिंध्यांत जन्मला.

काकींचा एक नियम होता. कोणाच्या घरावर गदा आली की त्या माझे छप्पर काढून बाजूला ठेवत. त्या माणसाच्या डोक्यावर छप्पर येईपर्यंत माझ्याही डोक्यावर नाही. माझ्यात धूळ पडे, दोरे पडत, एकदा तर झुरळाने मुक्काम केला. येणारा जाणारा विचारी, “काय काकी, अजून उघडाच?” मग सभासद खाली मान घालून वकिलाकडे पळत. लाज ही फार कामाची वस्तू आहे, मित्रांनो. आणि उघड्या गल्ल्यातून कोणी दमडीही उचलली नाही.

हळूहळू गावोगावचे संघ येऊन मिळाले. खटले जिंकले, कायदा बदलला. संघाचे नाव झाले, आणि गूळ दिसला की मुंगळे येतातच. सरचिटणीस आले. आवाज साखरेत घोळलेला. बेघरांचा त्यांना इतका कळवळा, की त्यांच्या दुःखावर बोलायला ते दर वर्षी वेगळ्या हॉटेलात परिषद भरवत. थंडगार सभागृहात बसून माणसे उघड्यावर झोपणाऱ्यांविषयी हळहळत आणि जेवणाची घंटा झाली की हळहळ तिथेच टाकून उठत.

एवढ्या थाटाला गल्लीची वर्गणी कुठून पुरणार? सरचिटणीसांना ती “किरकोळ” वाटे. त्यांनी ती बंदच केली आणि एका बड्या बिल्डरची देणगी आणली. हा बिल्डर जुन्या इमारती रिकाम्या करून पाडत असे. म्हणजे लोकांना रस्त्यावर आणणारा तोच, आणि रस्त्यावरच्यांसाठी पैसे देणाराही तोच! संघ मात्र खाल्ल्या मिठाला जागला. त्याने पाडलेल्या एकाही इमारतीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

एका समारंभात बिल्डरने फोटोसाठी मला उचलले आणि माझे छप्पर घसरून त्याच्या चकचकीत बुटावर पडले. झाले! दुसऱ्याच दिवशी सरचिटणीसांनी माझे छप्पर डिंकाने पक्के चिकटवून घेतले, पोटावर बिल्डरच्या नावाची पितळी पट्टी ठोकली आणि मला काचेच्या पेटीत बसवले. माणसांच्या घरांवर नांगर फिरला तरी माझे छप्पर जागचे हलेना. मला माझीच किळस येऊ लागली.

मग संघाचा सुवर्णमहोत्सव आला. सत्कारासाठी काकींना बोलावले. त्या काकांचा हात धरून आल्या आणि आल्या आल्या सरचिटणीसांना म्हणाल्या, “आमची इमारत रिकामी करतायत. महिनाअखेर बाहेर पडायचंय. या वयात कुठं जायचं आम्ही?”

इमारत कोण रिकामी करत होते, हे सांगायला हवे का? तो पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता.

“काकी, आज आनंदाचा दिवस,” सरचिटणीस कुजबुजले. “अर्ज द्या, उपसमिती बघेल.”

काकी तडक वळल्या. मंचावर गेल्या, हातात दिलेला पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवला आणि तिथे मांडलेली माझी काचेची पेटी उघडली. “सत्कार मागाहून करा. आधी याचं छप्पर काढा. आपला नियम आहे.”

“काकी पहिल्यापासून विनोदी बरं का!” सरचिटणीस हसले. त्यांच्याबरोबर सभागृहही हसले. आपण कशाला हसतो, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

काकींनी छप्पर ओढले. ते हलले नाही. त्यांनी खाली वाकून डिंक पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी पिशवीतून आपली कापड कापायची कात्री काढली आणि छपराखाली खुपसली.

“जपून गं,” खालून सुतारकाका म्हणाले. “जोड मागच्या बाजूला आहे. तिथून घाल.”

कडाड्! माझे छप्पर दोन तुकडे होऊन पडले. मित्रांनो, मला दुखले. पण कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला. मागच्या रांगांतले जुने भाडेकरू उठले, मंचापाशी आले आणि खाली मान घालून माझ्यात वर्गणी टाकू लागले. बिल्डर तेव्हाच उठून गेला. त्याच्या मागोमाग, “साहेब, साहेब” करत, सरचिटणीस.

काकींनी मला काखेत मारले आणि घरी आणले. सरचिटणीसांचा निरोप आला, की वस्तू ऐतिहासिक आहे, ताबडतोब दुरुस्त करून परत पाठवा. काका म्हणाले, “सांगा त्यांना, करीन की. आधी आमचं घर.”

आता जुने भाडेकरू पुन्हा वकिलाकडे पळत आहेत. मी खिडकीत उघडा बसलो आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपाव्यात, असे तुम्हांला शिकवले असेल. जपा, पण डिंक घेऊन माझ्याकडे येण्याआधी आतल्या खोलीत डोकावून पाहा. काकींचे सामान अजून बांधलेले दिसले, तर माझ्या छपराला हात लावू नका.