चंदीची पोरं

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरी दिनानाथकाकांनी कागद लावला: एक जानेवारीपासून इमारतीत फक्त जातिवंत कुत्री राहतील, गावठी नाहीत. पनवेलजवळच्या कोन गावात जिथे ही इमारत उभी आहे, तिथे दहा वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांचं भातशेत होतं. आता तिथेच आमच्या भुऱ्या कुत्र्याला जात विचारतात! माझं तोंड आधी पळतं, डोकं मागून येतं. मीटिंगमध्ये मी ठोकून दिलं, "आमचा भुऱ्या लॅब्रॅडॉर मिक्स आहे."

"पुरावा आणा," काका म्हणाले.

दिवाळीला माझा भाऊ अमेरिकेहून आला, त्याच्याकडून कुत्र्यांच्या डीएनए तपासणीचं किट मागवलं. गालाच्या आतून बोळा फिरवायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. काकांना कळताच तेही त्यांच्या सीझरला घेऊन हजर. "याचाही पाठव, दीपिका. खरा लॅब्रॅडॉर कसा असतो ते कागदावर येऊ दे."

भुऱ्याला माझ्या सासूबाईंनी, म्हणजे सखूबाईंनी, त्यांच्या माहेराहून, गव्हाण गावाहून, पिल्लू असताना पदराखाली आणलेलं. "त्याला काढला तर मी बी खाली गेटवर जाऊन बसन," त्या म्हणाल्या. त्या बोलतात तसं करतात, म्हणून मला धसका बसला होता.

डिसेंबरात रिपोर्ट आला. भुऱ्या शंभर टक्के गावठी. लॅब्रॅडॉर औषधालाही नाही. मला रडूच आलं. मग खाली सीझरचा रिपोर्ट दिसला: निम्मा लॅब्रॅडॉर, निम्मा गावठी. त्याखाली आणखी एक ओळ होती. दोघांची आई एकच.

सासूबाईंना जराही नवल वाटलं नाही. "मंग तो बी आपल्या भुऱ्यासारखा चंदीचाच! माज्या भावाची, आनंदाची कुत्री. तिची पिवळी पोरं एक मानूस पनवेलला इकायला घेऊन गेलता."

मी रिपोर्ट बोर्डावर डकवायला निघाले. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "नाय. सोयरीक निघाली, तर असं चव्हाट्यावर नाय मांडायचं. आन रिकाम्या हातानं बी नाय जायाचं."

त्यांनी तांदळाची भाकरी भाजली, नारळ घेतला आणि भुऱ्यासकट आम्ही काकांच्या दारात उभ्या राहिलो. सासूबाईंनी सीझरला कुंकू लावलं, भाकरी भरवली. काकांनी रिपोर्ट वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला. "पण मावशी, माझ्याकडे याचे कागद आहेत..."

"ऱ्हाऊ द्या कागद. एका आईची दोन पोरं, भाऊ. एकाला गादी नि एकाला गेट, असं तुमच्या घरात चाललं असतं काय?"

तेवढ्यात भुऱ्या आत घुसून सीझरच्या गादीवर आडवा झाला. सीझरने त्याला हुंगलं आणि सरकून जागा दिली. काका त्या दोघांकडे बघत राहिले. आता दार लावून घेतात की काय, असं मला वाटलं.

"मावशी," शेवटी त्यांनी विचारलं, "ती चंदी आहे का अजून?"

"हाय की. म्हातारी झालीय."

"मग रविवारी गाडी काढतो," काका म्हणाले. "दोघांना आईकडे नेऊन आणू."